सूचना : ‘ढ’ म्हणणं ही मस्ती नव्हे
सर्व पालक सभासदांसाठी,

डिस्लेक्सिया (वाचनात अडचण), डिसग्राफिया (लिहिण्यात अडचण) असलेल्या मुलांना ‘ढ’ म्हणून चिडवणं, वही हिसकावून त्यांचं अक्षर वर्गभर दाखवणं, अशा तक्रारी पुन्हा येत आहेत. यातल्या बऱ्याच मुलांना घडलेलं क्रमाने सांगता येत नाही. तेव्हा ‘नीट सांग’ असा धोशा लावू नका. चित्र काढू द्या, बोललेलं तुम्हीच तारीख-जागेसह लिहून घ्या. मग वर्गशिक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या; तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, हे मी भोगलंय. दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ हा प्रकार मात्र नको, त्रास सोसणारं मूल तिथे गप्पच राहतं. मधल्या सुट्टीत आणि स्कूलबसमध्ये लक्ष कोणाचं असतं, तेही विचारा.