सूचना : रविवारच्या गाठकामासाठी दोरी कापून आणा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपण चौकोनी गाठीचं ब्रेसलेट करायला घेतोय. दोरी कृपया आदल्या दिवशीच कापून ठेवा.

मनगटाच्या मापात १ इंच वाढवा, कारण विणीची जाडीही घेरात जागा खाते. ४ मिमीच्या पॅराकॉर्डला (विणलेली मजबूत दोरी) ब्रेसलेटच्या इंचामागे साधारण १ फूट दोरी लागते. म्हणजे ८ इंचांच्या ब्रेसलेटला ८ फूट, आणि वर एक फूट घ्याच. ऐन शेवटी दोरी संपली की सगळं उसवायची पाळी येते.

नवीन सभासदांनी बाजूच्या दोन दोऱ्या (मधल्या दोऱ्यांभोवती ज्यांच्या गाठी मारतो त्या) वेगळ्या रंगांच्या घ्याव्यात, ही माझी आग्रहाची विनंती. चौकोनी गाठीत एकच रंग दर वेळी मधल्या दोऱ्यांच्या पुढून जातो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दुसरा रंग पुढे आला की पट्टी पिळायला लागते. तिथेच थांबा, फक्त ती अर्धी गाठ (त्या एका बाजूचा वेढा) सोडवा. पीळ मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, तोही फार देखणा दिसतो!

टोकं वितळवून बंद करायची ती फक्त नायलॉन किंवा पॉलिएस्टरची. सुती दोरी पेटते, तिचं टोक गाठीत खोचा. वितळलेलं टोक बोटाने दाबू नका, ते कातडीला चिकटून भाजतं. चमच्याची पाठ वापरा. मुलांनी लायटरला हात लावायचा नाही.

कमरेचा पट्टा करणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं. लांब दोऱ्यांच्या गुंडाळ्या करून रबरबँड लावून आणा.