शाळेतली पोरं क्लबपर्यंत पोचवायची कुणी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांचे फोटो आपल्या पेपरात येतात ते मी नीट बघतो. कप धरलेली पोरं, बाजूला पीटीचे सर, हेडमास्तर, एखादा पंच. त्या पोरांचं कौतुक आहेच, पण मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या स्पोर्ट्स क्लबात बरीच वर्षं काम करतोय आणि मला माहीत आहे की त्याच शाळेतली कितीतरी पोरं पहिल्याच सिलेक्शनला बाजूला काढलेली असतात, नऊ-दहा वर्षांची पोरं हो, आणि त्यातली बरीचशी परत मैदानाकडे फिरकतच नाहीत. याच विषयावर लिहायचंय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी बहीण आयर्लंडात नर्स आहे, किल्केनी काउंटीत, काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. भाचा तिथल्या प्रायमरी शाळेत जातो आणि हर्लिंग खेळतो. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूला पंधरा-पंधरा जण, हातात ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चपट्या तोंडाची काठी, तिला हर्ली म्हणतात, आणि बॉल साधारण क्रिकेटच्या बॉलएवढा पण वजनाला हलका. बॉल जमिनीवरून मारायचा, हवेत मारायचा, काठीच्या टोकावर तोलून धरून पळायचं, हाताने पकडायचा. गोलपोस्टच्या खालच्या जाळ्यात गेला तर तीन पॉइंट, आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक. बघताना वाटतं आता डोकं फुटणार, आणि म्हणूनच २०१० पासून तिथे सगळ्या वयाच्या खेळाडूंना जाळीवालं हेल्मेट कम्पलसरी आहे. खेळ फार जुना, २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घातलं. आणि एवढी गर्दी खेचणारा खेळ असून खेळाडूंना मॅचचे पैसे मिळत नाहीत, डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळणारा माणूस सोमवारी आपल्या नोकरीवर, शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो.

आता मुद्दा असा की हा खेळ पंधराव्या वर्षी सुरू करून येत नाही. नजर, मनगट, पाय सगळं एकदम चालावं लागतं, ते पाच-सहा वर्षांच्या वयात हातात काठी आली तरच अंगात भिनतं. म्हणून तिथल्या लोकांनी सगळा जोर प्रायमरी शाळेवर दिलाय. भाच्याच्या शाळेत गावच्या क्लबचा कोच आठवड्यातून एकदा शाळेच्या वेळेतच येतो. लहान वर्गांना प्लास्टिकच्या काठ्या आणि मऊ बॉल, मार बसला तरी लागत नाही. मुलगे मुली एकत्रच (मुलींच्या खेळाला कमोगी म्हणतात, नियम जवळजवळ तेच). मग काठीचं माप, पोरगं सरळ उभं केल्यावर काठी साधारण त्याच्या कमरेच्या हाडापर्यंत यायला हवी, मोठ्या भावाची लांब काठी दिली तर सवय बिघडते. ही लहान गोष्ट वाटेल पण आमच्याकडे आठ वर्षांच्या पोराच्या हातात मोठ्यांची बॅट देऊन आम्ही म्हणतो ह्याला खेळता येत नाही.

टर्म संपताना पोरांच्या हातात चिठ्ठी दिली जाते, शनिवारी सकाळी अमक्या वेळी क्लबच्या ग्राउंडवर या, ह्या कोचला भेटा. बस एवढंच. शाळेत ओळखीचा झालेला माणूस शनिवारी ग्राउंडवर उभा असतो त्यामुळे पोरगं बुजत नाही. मला तर वाटतं त्यांची सगळी सिस्टिम ह्या चिठ्ठीवर उभी आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही. आपल्याकडे शाळा वेगळी, क्लब वेगळा, खातं वेगळं, असोसिएशन वेगळी, आणि पोर मधल्यामधे हरवतं.

तिथल्या प्रायमरी शिक्षकांची खेळासाठी एक संघटना आहे, कुमन ना मुन्स्कोल नावाची, ती शाळाशाळांच्या मॅचेस भरवते आणि हे काम शिक्षक हौसेने करतात, शाळा सुटल्यावर, वेगळा पगार न घेता. डब्लिनसारख्या ठिकाणी क्लबने पूर्ण वेळ कोच ठेवलेत, त्यांचा पगार अर्धा क्लब देतो, अर्धा काउंटीचं मंडळ, आणि त्या कोचचं मुख्य काम आपल्या भागातल्या शाळा फिरणं.

आणि बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना ते फायनल खेळायलाच लावत नाहीत! गो गेम्स म्हणतात त्याला. लहान मैदान, कमी पोरं, सात-सात नऊ-नऊची टीम, आणि आलेल्या प्रत्येक पोराने पूर्ण मॅच खेळायची, बेंचवर कुणी बसायचं नाही. गटाचा टेबल नाही, चॅम्पियन नाही. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बहिणीला विचारलं की मग पोरांना जिंकायची जिद्द कशी येणार. ती म्हणाली अरे दादा, स्कोर पोरं आपापसात मोजतातच, मोठ्यांनी मोजायचा नाही एवढंच. बरोबर आहे ना. पंधरा जणांच्या मॅचमध्ये लहान पोराला बॉल मिळतो किती वेळा, दोनदा तीनदा, आणि तो पण दांडगा पोरगा हिसकावून घेतो. लहान टीममध्ये प्रत्येकाला सारखा बॉल मिळतो, मग प्रत्येकजण शिकतो. शिवाय नऊ वर्षांचं जे पोर सगळ्यात भारी दिसतं ते बऱ्याचदा फक्त वयाने सहा-आठ महिने मोठं किंवा अंगाने थोराड असतं, खरा प्लेयर कोण ते पुढे चार-पाच वर्षांनी कळतं. आपण तोवर त्याला घरी पाठवून मोकळे झालेलो असतो.

रिझल्ट काय येतो ते पण सांगतो. किल्केनी काउंटीची वस्ती लाखाच्या आसपास. आमचा डिचोली तालुका २०११ च्या जनगणनेत लाखाला थोडासाच कमी होता, म्हणजे एक तालुका धरा. त्या तालुक्याएवढ्या काउंटीने ऑल आयर्लंड हर्लिंग, म्हणजे सगळ्या काउंट्यांची मोठी स्पर्धा, ३६ वेळा जिंकलीय, सगळ्यात जास्त. कॉर्क ३०, टिपरेरी २०२५ धरून २९. हेन्री शेफ्लिन, ज्याच्याकडे खेळाडू म्हणून दहा ऑल आयर्लंड मेडलं आहेत, तो बॅलीहेल शॅमरॉक्स ह्या छोट्याशा गावच्या क्लबचा, आणि त्या क्लबने देशातल्या सगळ्या क्लबांची चॅम्पियनशिप नऊ वेळा मारलीय. गाव आपल्या एखाद्या वाड्याएवढं. ही परंपरा एका दिवसात आली नाही हे मान्य, हर्लिंग चालवणारी त्यांची मुख्य संघटना (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) १८८४ पासूनची आहे, थर्लस नावाच्या गावात सुरू झालेली. पण मग लिमरिक काउंटीचं बघा. १९७३ ला जिंकले ते परत एकदम २०१८ ला, मधे पंचेचाळीस वर्षं कोरडी. त्यांनी काय केलं, लहान वयातल्या पोरांसाठी अकॅडमी काढली, क्लबातनं पोरं आणली आणि थांबले. २०१५ आणि २०१७ ला त्यांची एकवीस वर्षांखालची टीम जिंकली, त्यातलीच पोरं २०१८ ला मोठ्या टीममध्ये होती, आणि मग २०२० ते २०२३ सलग चार वर्षं कप त्यांच्याकडेच. थांबायची तयारी पाहिजे. आमच्या क्लबात पण नवीन कमिटी आली की पहिल्या वर्षीच कप पाहिजे असतो.

उलट त्याच देशातल्या वायव्येकडच्या काउंट्या बघा, तिथे हर्लिंग अजून कमजोर आहे, शाळांमधून त्यांचं गेलिक फुटबॉलच जास्त चालतं. संघटना तीच, नियम तेच. काठी शाळेत हातात आली नाही की पुढे काही होत नाही.

आता गोव्याकडे येतो. फुटबॉल २०१२ पासून आपला राज्य खेळ आहे, ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर आपण देशाला दिला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय स्पर्धा आपल्याकडे झाल्या, म्हापशाच्या पेडेला हॉकीचं टर्फ आहे, इनडोअर हॉल आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला हॉकी टीमचा गोलकीपर लिओ पिंटो गोंयकार होता हे आजच्या किती पोरांना माहीत असेल? सुविधा नाहीत असं आता म्हणवत नाही. पण सत्तरीतल्या, सांग्यातल्या, काणकोणातल्या वाड्यावरचं पोर पेडेपर्यंत येणार कसं आणि त्याला आणणार कोण?

सरकारी प्रायमरी शाळांची हालत सगळ्यांना ठाऊक आहे, पटसंख्या कमी, एक-दोन शिक्षक चारही वर्ग सांभाळतात, त्या बाईंकडून खेळाची अपेक्षा करणं मला चुकीचं वाटतं. ज्या शाळेत सगळी मिळून दहा-बारा पोरं तिथे कबड्डीची टीमसुद्धा धड होत नाही, मग ती शाळा स्पर्धेतनंच बाद. इथे गावचा क्लब उपयोगी पडतो. आजूबाजूच्या तीन शाळा एका क्लबला जोडा, तीस-पस्तीस पोरं होतात, पाच-पाचच्या टीम करा, मुली पण घ्या, सगळ्यांना खेळवा. खेळ कुठला का असेना, हॉकी, फुटबॉल, खो-खो, गावात ज्याची आवड आणि शिकवणारा माणूस असेल तो. आपल्या शिगमोच्या मिरवणुकीत, रोमटामेळात, चार वर्षांचं पोर बापाच्या बाजूने चालतं, आधी झांज मग ताशा, त्याचं कुणी सिलेक्शन करत नाही, आणि म्हणूनच शिगमोला एवढे ढोलवाले तयार असतात. तसंच व्हायला हवं.

माणसं नाहीत असं कुणी सांगू नये. दिवाळीच्या आधी रात्र रात्र जागून नरकासुर करणारी पोरं प्रत्येक वाड्यावर आहेत, त्यांच्या अंगात काम आहे, हौस आहे. त्यातल्या दोघांनी शनिवारी सकाळचे दोन तास दिले तरी पुरे. पैशाचं म्हणाल तर आमचे क्लब टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटला लाखाच्या घरात बक्षिसं लावतात, बाहेरगावचे प्लेयर आणून खेळवतात, मंडप, साउंड, लाइव्ह स्ट्रीमिंग, आणि गावची पोरं बाउंड्रीवर बॉल आणून द्यायला. हे लिहिताना मला वाईट वाटतं कारण ही आमचीच माणसं आहेत. त्या खर्चाचा लहानसा भाग काढला तरी प्लास्टिकच्या स्टिक, मऊ बॉल, कोन सगळं येतं. आणि एक भिंत. हर्लिंगवाली पोरं तासनतास भिंतीवर बॉल मारून हात बसवतात, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. भिंत तर प्रत्येक शाळेला आहेच, फक्त चार वाजता गेटला कुलूप लागतं. आमच्या जवळच्या एका शाळेचं ग्राउंड संध्याकाळी वापरायला मागितलं तर उत्तर मिळालं की काही झालं तर जबाबदार कोण. प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर कागदावर शोधता येतं.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करायला हवी. पोरं म्हणजे दुसऱ्यांची लेकरं. आयर्लंडमध्ये लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक कोचची पोलिस तपासणी होते आणि मुलांच्या सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, मग तो कितीही मोठा प्लेयर असो. इथे पण तसंच व्हावं, मुलींच्या ग्रुपबरोबर एक बाई हवीच, फर्स्ट एड बॉक्स हवा. त्याशिवाय आईबाप पोरांना पाठवणार नाहीत आणि पाठवूही नये.

अजून एक मनात आहे. क्रोक पार्कला मोठ्या मॅचच्या मध्यंतरात प्रायमरी शाळेतली पोरं त्याच मैदानावर लहान मॅच खेळतात, सगळ्या स्टेडियमसमोर. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मॅच असते तेव्हा हाफ टाइमला आपल्या सरकारी शाळेतल्या पोरांना दहा मिनिटं का नाही देता येणार? सांग्याच्या एखाद्या पोरीने फातोर्ड्याच्या गवतावर बॉल मारला तर ती घरी जाऊन काय सांगेल विचार करा.

शिक्षण खात्याला आणि क्रीडा खात्याला मागणं एवढंच आहे की दोघांनी मिळून एक परिपत्रक काढावं, शाळा सुटल्यावर आणि शनिवारी सकाळी शाळेचं ग्राउंड नोंदणी झालेल्या गावच्या क्लबला वापरायला द्यावं, जबाबदारी कुणाची ते त्यातच लिहावं, आणि क्लबला ग्रँट देताना त्याने किती कप आणले हे न विचारता बारा वर्षांखालची किती पोरं वर्षभर टिकली हे विचारावं. प्रायमरीच्या तालुका स्पर्धा बंद करून त्या दिवशी सगळ्या शाळांच्या सगळ्या पोरांना खेळवावं, फोटो पण सगळ्यांचा एकत्र काढावा, आपण तो छापाल अशी आशा आहे. आमच्या क्लबच्या मीटिंगमध्ये हा विषय झालाय, दोन शिकलेल्या मुली आणि तीन मुलगे शनिवारी यायला तयार आहेत, परवानगीचा कागद हातात पडला की दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करू.

आपला,
एक पालक आणि क्लबचा कार्यकर्ता,
डिचोली तालुका