शपथेनंतर मुलांचे प्रश्नही ऐका

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त पोलीस शाळांमध्ये येतात, हे स्वागतार्हच आहे. आमच्या भागातील शाळेतही फौजदार मॅडम आल्या, छान बोलल्या. शेवटी नववीतल्या एका मुलाने विचारले, "मित्र नशा करतो हे सांगितलं, तर त्याला पकडणार का?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि शपथ, फोटो उरकून कार्यक्रम आटोपला.

मुलांच्या मनातला खरा प्रश्न हाच आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातील कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. हे पोलिसांनीच सांगितले तर मुलांची भीड चेपेल. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला असावा. तीनशे मुलांपुढे माइकवरून भाषण देण्यापेक्षा एकाच अधिकाऱ्याने दर महिन्याला एकेका वर्गात बसावे. आणि परत जाताना फाटकाबाहेरची टपरीही पाहावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

– एक पालक, नाशिक