एसटीचा तोटा कळला, त्याची फोड कधी?

महोदय,

जून 2025 मध्ये एसटी महामंडळाची श्वेतपत्रिका निघाली आणि 10,322 कोटी रुपयांचा संचित तोटा सर्वतोमुखी झाला. तेव्हापासून 'एसटी तोट्यात' एवढ्यावरच सगळी चर्चा उरकते. पण या एका बेरजेत शासनाचे देणे, कामगारांचे पैसे आणि कारभारातली गळती अशी तीन खाती एकत्र कालवली आहेत. ती सुटी केल्याशिवाय जाब नेमका कुणाला विचारायचा?

सर्वांत गंभीर खाते कामगारांचे आहे. पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के कापले गेले की ते पैसे महामंडळाचे राहत नाहीत. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत ते महामंडळाच्या हिश्शासह न्यासात, म्हणजे हा निधी सांभाळणाऱ्या स्वतंत्र ट्रस्टमध्ये, जमा व्हायला हवेत. रोकड आटली की प्रत्यक्षात होते ते वेगळेच. निव्वळ पगार कसाबसा भागवला जातो आणि कपातीची रक्कम डिझेलकडे, सुट्या भागांकडे वळते. पगारचिठ्ठीवर कपात दिसते, न्यासाच्या बँक खात्यात मात्र भरणा नसतो. शिवाय हे बिनव्याजी उसने नव्हे. 2024-25 साठी भविष्यनिर्वाह निधीचा दर 8.25 टक्के होता आणि स्वतंत्र न्यासाला त्याहून कमी व्याज देता येत नाही. उशिरा आलेल्या पैशावर न्यासाने काही कमावलेले नसते, त्यामुळे ती तूट शेवटी महामंडळाच्याच माथी बसते. आजची चणचण भागवण्यासाठी उद्याचा तोटा विकत घेण्याचा हा प्रकार. कापलेली रक्कम न भरणे हा कायद्याने फौजदारी विश्वासघात आहे आणि स्वतंत्र न्यास असलेल्या आस्थापनाही त्यातून सुटत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये मार्चचा पगार 56 टक्केच हाती पडला, तेव्हा गदारोळ झाला. कपातीचा भरणा थकतो तेव्हा तसा गदारोळ होत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही.

आता आगारात काय चालते ते पाहा. वाहक ड्युटी संपवून आला की ईटीआयएम, म्हणजे तिकीट काढण्याच्या मशीनचा हिशोब आणि रोख भरणा त्याच वेळी जुळावा लागतो. चाळीस रुपये कमी भरले तरी वसुली लागते. गाडीचे केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमागचे किलोमीटर, गाडीगणिक निघते. डिझेल 90 रुपये लिटर धरले तर 45 केपीटीएलला किलोमीटरमागे 20 रुपये पडतात, 43 ला 20 रुपये 93 पैसे. दिवसाला 300 किलोमीटर धावणाऱ्या एका गाडीमागे हा पावणेतीनशे रुपयांचा फरक. टायरात हवा कमी, एअर फिल्टर तुंबलेला, ब्रेक घासतोय की पंपाची गळती, हे शोधायला मेकॅनिकला धरले जाते. तळात पैशापैशाचा हिशोब आणि वर कोटींचा एक गोळाबेरीज आकडा, अशी ही उलटी उतरंड आहे.

गाड्या भाड्याने घेण्याच्या निविदेत हे लख्ख दिसले. 1,310 गाड्यांसाठी ठरलेला दर किलोमीटरला 34-35 रुपये होता आणि डिझेल महामंडळाने टाकायचे होते. आधीचा 44 रुपयांचा करार डिझेलसह होता. वरवर पाहता नवा दर स्वस्त. पण वरच्याच हिशोबाने 20 रुपयांचे डिझेल मिळवले की तो 54-55 वर जातो. 2025 च्या सुरुवातीला स्थगिती आली म्हणून बरे. पण आगारातल्या कारकुनालाही जमणारी ही बेरीज टिपणी वर सरकताना कुणीच केली नाही?

शासनाच्या खात्याबद्दल थोडक्यात. 75 वर्षांवरील प्रवाशाला मिळणारे शून्य रुपयांचे तिकीट हे खरे तर शासनाच्या नावावरचे बिल असते. वाहकाने ते काढले नाही तर मागणी बुडते. नसलेल्या प्रवाशाचे काढले तर भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, फुगते आणि शासनाकडे खोटी मागणी जाते. महिलांच्या अर्ध्या तिकिटाचेही तसेच. डिझेलचे पैसे मात्र प्रतिपूर्तीची वाट पाहत थांबत नाहीत. त्यातच शासन एसटीकडून 17.5 टक्के प्रवासी कर घेते. मग देणे आणि घेणे एकाच पानावर, तारखांसह का छापत नाही?

मार्ग परिवहन महामंडळ कायदा 1950 च्या कलम 22 नुसार कारभार व्यापारी तत्त्वांवर चालायला हवा. कलम 33 नुसार लेखापरीक्षित हिशोब दरवर्षी विधिमंडळापुढे यायला हवेत. ते वेळेवर यावेतच. पण वर्षानंतरचा अहवाल म्हणजे शवविच्छेदन. कपातीसाठी वेगळे बँक खाते असावे आणि निव्वळ पगार ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी कपातही न्यासाकडे जावी. भरणा कधी, किती झाला, याचा कागद दर महिन्याच्या 16 तारखेला प्रत्येक आगाराच्या सूचनाफलकावर लागावा. ड्युटी चार्ट रोज तिथेच लागतो, त्याच्या शेजारी जागा नक्की निघेल.

– एक वाचक, सातारा