सुटेखला खुर्चीतून उठवलं कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'डॉक्टर हू' या, 'डॉक्टर' नावाच्या काळप्रवाशाच्या ब्रिटिश मालिकेवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या मालिकेला अर्धं पान मिळालेलं पाहून इतका आनंद झाला की लेख लागोपाठ दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनानंतर मात्र राहवेना. लेखकाचं म्हणणं असं, की जुन्या भागांतले राक्षस पुठ्ठ्याचे आणि रबराचे होते, आता संगणकावर हवं ते घडवता येतं, तरी चाहते कुरकुरतातच. गोष्ट चांगली असली म्हणजे झालं, राक्षस दिसतो कसा यावर मोठ्या माणसांनी भांडणं हा पोरखेळ आहे.

मी २००३ पासून कार्डिफमध्ये राहते. २००५ साली मालिका नव्याने सुरू झाली ती याच शहरात चित्रित होऊ लागली. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. शनिवारी संध्याकाळी जेवणं लवकर उरकून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. आज तो दुसऱ्या गावी नोकरी करतो, आणि आमचे फोन लांबतात ते बहुतेक वेळा याच 'पोरखेळा'पायी. तेव्हा यावर लिहिण्याचा थोडा हक्क मला आहे असं वाटतं.

आधी एक दुरुस्ती. डालेक, म्हणजे या मालिकेतले कवचधारी राक्षस, टेरी नेशन यांनी 'घडवले' असं लेखात छापलंय. नेशन यांनी ते लिहिले. त्यांना रूप दिलं बीबीसीतले नेपथ्यकार रेमंड कुसिक यांनी. आत माणूस आहे हे कळू नये, म्हणून पाय दिसता कामा नयेत, ही नेशन यांची अट. कुसिक यांनी बसलेल्या माणसाभोवती कवच आखलं आणि आतला नट पायांनी ते पुढे रेटू लागला. मालिकेची कल्पना ज्यांनी उचलून धरली त्या सिडनी न्यूमन यांना असले राक्षस मुळीच नको होते. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट ठाम राहिल्या म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये डालेक पडद्यावर आले. हक्कांचा पैसा पुढे नेशन यांना मिळाला. कुसिक पगारी नोकर, त्यांच्या हाती नाममात्र बक्षिसी पडली. निदान नावाचं श्रेय तरी त्यांना मिळावं.

आणि श्रेय मोठं आहे, कारण डालेकची गोष्ट त्या कवचातच आहे. युद्धातल्या किरणोत्सर्गाने वेडावाकडा झालेला, एकट्याने जगू न शकणारा जीव आत कोंडून घेऊन बसलाय आणि आपल्यासारखा नसणाऱ्या प्रत्येकाचा द्वेष करतोय. त्याच्या हाताच्या जागी असलेल्या रबरी पंपाची (मोरी तुंबल्यावर आपण वापरतो तसाच तो दिसतो) चाळीस वर्षं टिंगल झाली. २००५ च्या 'डालेक' या भागात एक माणूस त्या पंपाला हसतो आणि डालेक त्याच पंपाने त्याचा चेहरा आवळून त्याला मारतो. माझा मुलगा त्या क्षणी पायाखालची उशी टाकून माझ्या मांडीवर येऊन बसला होता. रूप तेच राहिलं. त्या भागाच्या लेखकाने फक्त ते रूप काय करू शकतं याचा नीट विचार केला.

सायबरमन या यंत्रमानवांचंही तसंच. १९६६ साली ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचे चेहरे कापडाचे होते आणि हात उघडे, माणसाचे. त्यांची कल्पना किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाची आणि गेरी डेव्हिस यांची: एकेक अवयव बदलत गेलेला माणूस. पुढे पुढे ते अधिकाधिक धातूचे झाले, २००६ मध्ये तर पावलं आपटत चालणारी पोलादी फौज झाली, आणि कापडी चेहरा म्हणजे गरिबीचं लक्षण असं सगळे धरून चालले. मला तो कापडी चेहराच जास्त भिववायचा. आमच्या रत्नागिरीकडच्या गावी शिमग्याला संकासुर यायचा. अंगभर काळं कापड, कमरेला घुंगरू. आत कोणाचा मुलगा आहे हे माहीत असूनही आम्ही माजघरात पळायचो. मग २०१७ च्या 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' या भागात तेच कापडी चेहरे परत आले, आणि या वेळी कापड का, याचं उत्तर घेऊन आले. ते बँडेज होतं. इस्पितळातला तोंड झाकलेला रुग्ण बटण दाबून यंत्राच्या आवाजात 'वेदना, वेदना' म्हणत राहतो. नर्स येते, आवाजाचं बटण पिळून बारीक करते आणि निघून जाते. वेदना तशीच. एकावन्न वर्षांपूर्वीच्या शिवणकामातून असा प्रसंग निघतो, आणि तो निघावा म्हणून कोणीतरी त्या कापडाकडे निरखून पाहावं लागतं. चाहते हेच करत असतात.

आता सुटेख. आपल्या लेखकाने २०२४ च्या सुटेखला 'अखेर शोभेल असं भव्य रूप मिळालं' म्हणून दाद दिली आहे. ते वाक्य मला झोंबलं.

१९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मध्ये सुटेख हा सबंध जीवसृष्टी पुसून टाकू पाहणारा देव आहे आणि चार भागांपैकी जवळजवळ सगळा वेळ तो खुर्चीत बसून आहे. होरस या दुसऱ्या देवाने त्याला जखडून ठेवलंय. हलता येत नाही, चेहऱ्यावर मुखवटा, आणि गॅब्रिएल वुल्फ यांचा मऊ, संथ, जवळजवळ प्रेमळ आवाज. त्या हलता न येण्यातच भीती आहे. बसल्या जागेवरून जो इतकं करतो, तो उठला तर? गोष्टीचा सगळा ताण त्या 'उठला तर'वर उभा. शेवटी तो उठतो तेव्हा खुर्चीतली गादी धरून ठेवणारा पडद्यामागच्या कोणाचा तरी हात चक्क दिसतो. चाहते तो हात वर्षानुवर्षं एकमेकांना दाखवत आलेत, आणि त्याने सुटेखचा दरारा तसूभर कमी झालेला नाही.

२०२४ च्या 'एम्पायर ऑफ डेथ'मध्ये आवाज वुल्फ यांचाच आहे, आणि तो अजून अंगावर काटा आणतो. पण तो आवाज आता टार्डिसला, म्हणजे डॉक्टरच्या काळयानाला, बिलगलेल्या एका अवाढव्य, कुत्र्यासारख्या श्वापदाच्या तोंडून येतो. जखडलेपण गेलं, खुर्ची गेली, वाट पाहणं गेलं. मग एवढ्या मोठ्या जनावराचं करायचं काय? सगळी सृष्टी मारायची आणि सगळी परत जिवंत करायची. डॉक्टर त्याला पट्ट्याला बांधून काळाच्या भोवऱ्यातून फरफटत नेतो. पटकथा इथे ढिली पडली हे बहुतेक चाहत्यांना मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती ढिली पडली ती रूप ठरलं तेव्हाच. कुत्रा म्हटल्यावर पट्टाच सुचणार.

वर्षभरात ओमेगा या आणखी एका जुन्या खलनायकाच्या वाट्यालाही तेच आलं. १९७२-७३ च्या 'द थ्री डॉक्टर्स'मध्ये ओमेगा हा काळप्रवासाची ताकद आपल्या लोकांना मिळवून देणारा आणि त्यापायी प्रतिविश्वात अडकलेला माणूस आहे. लोक त्याला मेलेला समजून त्याचा गौरव करतात. परत जायची वेळ येते, तो मुखवटा काढायला सांगतो, आणि आत काहीच नसतं. चेहरा नाही, डोकं नाही. देह कधीच झिजून गेलाय, उरलीय ती फक्त इच्छा. स्टीफन थॉर्न यांची त्यानंतरची किंकाळी ज्याने ऐकलीय त्याला त्याच भागातले डुगडुगणारे जेलीचे पहारेकरी माफ करता येतात. २०२५ च्या 'द रिॲलिटी वॉर'मध्ये हाच ओमेगा हाडांचा डोंगर होऊन येतो, राणी नावाच्या खलनायिकेला गिळतो आणि काही मिनिटांत परत हाकलला जातो. ज्याच्याकडे देह नाही हेच ज्याचं दुःख, त्याला एवढा मोठा देह दिला! मी त्या रात्री मुलाला फोन केला तेव्हा दोघंही थोडा वेळ काही बोललोच नाही.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. १९८४ चा मिर्का हा समुद्री राक्षस आठवा, निवडणुकीमुळे चित्रीकरण अलीकडे ओढावं लागलं आणि अंगावरचा रंग वाळायच्या आत बिचाऱ्याला कॅमेऱ्यासमोर ढकललं. त्याचं समर्थन कोणीच करू नये. २०१० मध्ये डालेकना रंगीबेरंगी, पाठीला कुबड असलेलं रूप दिलं, तेव्हा गोष्टीतलं कारण चोख होतं: नवे 'शुद्ध' डालेक जुन्यांना अशुद्ध म्हणून नष्ट करतात, आणि जुने ते मुकाट मान्य करतात. तरीही ते रूप कोणाच्या मनात बसलं नाही आणि पुढे मालिकेनेच ते बाजूला सारलं. म्हणजे नुसती गोष्टही पुरत नाही.

'ब्लिंक'मधल्या (२००७) दगडी देवदूतांवर मुलाचं नि माझं अजून जमत नाही. कोणी पाहत असेल तर ते हलत नाहीत, असा नियम. २०१२ मध्ये न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळाच तसा देवदूत निघाला. अख्खं शहर जागं असताना तो चालत आला कसा, हे मी विचारते. मुलगा म्हणतो, आई, ते दृश्य बघ ना. मी दृश्यच बघतेय, म्हणून तर विचारतेय.

लेखकमहाशयांनी 'पिरॅमिड्स ऑफ मार्स' पुन्हा एकदा, दिवे मालवून पाहावा ही त्यांना विनंती. आणि रेमंड कुसिक यांच्या नावाची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी छापावी ही आपल्याला.

आपली नियमित वाचक,
कार्डिफ, वेल्स