शिपायाची जागा आणि शिक्षिकेचा राजीनामा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे नेटकी आहे आणि कळकळही खरी आहे. परंतु चांगले शिक्षक शाळेत का टिकत नाहीत याची कारणे सांगताना आपण पगार, जुनी पेन्शन आणि टीईटीबाबतचा (शिक्षक पात्रता परीक्षेबाबतचा) सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल यांवरच थांबलात, याचे आश्चर्य वाटले. शाळेत शिक्षकांखेरीज शिपाई, लिपिक आणि प्रयोगशाळा परिचर अशीही माणसे असतात (खरे तर असत), याचा एवढ्या मोठ्या लेखात एकदाही उल्लेख नाही.

मी परळ भागातील एका अनुदानित मराठी शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार खासगी अनुदानित शाळेतील शिपाई निवृत्त झाला की ते पद संपते आणि त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळतो. हा भत्ता मुंबई-पुण्यात दरमहा १०,००० रुपये, तर ग्रामीण भागात ५,००० रुपये आहे. आमचे शिपाईमामा निवृत्त झाल्यावर या दहा हजारांत जो तरुण आला, तो दिवाळीपर्यंतही थांबला नाही. एका मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून लागला. त्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. या शहरात दहा हजारांत खोलीचे भाडे तरी भागते का, हे तो निर्णय काढणाऱ्यांनी सांगावे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आग्रह धरण्यात आला आणि तो योग्यच होता. पण माणूसच टिकत नसेल, तर पडताळणी कोणाकोणाची आणि किती वेळा करायची?

मामांची कामे मात्र शाळेतच राहिली. घंटा देणे, वर्गावर्गांत सूचनावही फिरवणे, ताप आलेल्या मुलाला घरी पोहोचवणे, पगार काढणाऱ्या सरकारी वेतन पथकाकडे बिले नेऊन देणे, ही सर्व कामे शिक्षकांवर आली आणि शाळांच्या रीतीप्रमाणे सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडली. आमच्याकडे तेव्हा गणिताच्या एक तरुण बाई शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षे पगाराऐवजी मानधनावर, रुजू झाल्या होत्या. बी.एस्सी., बी.एड., टीईटी आणि शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी हे सर्व सोपस्कार पार करून त्या आल्या होत्या, नालासोपाऱ्याहून रोज येत होत्या, आणि मानधन होते दरमहा १८,००० रुपये. तेही २०२३ मध्ये वाढवल्यानंतरचे; त्याआधी माध्यमिक शिक्षणसेवकाला ८,००० रुपये मिळत. लिपिकाची जागाही रिकामी असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या आधार नोंदींतील नावे आणि जन्मतारखा जुळवण्याचे कामही त्यांच्याकडेच होते, कारण त्या जुळल्या नाहीत तर संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवताना, मुले मोजली जात नाहीत आणि शिक्षकांची पदे कमी होतात.

एके दिवशी वरिष्ठ कार्यालयातील एक अधिकारी अचानक शाळेच्या भेटीस आले. दहावीचा भूमितीचा तास होता, वर्गात बाई नव्हत्या आणि मुले मजेत होती. चार दिवसांनी बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. त्या वेळी त्या कोठे होत्या? शाळेचे टपाल घेऊन त्याच अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोच घेण्यासाठी रांगेत उभ्या होत्या. पोचपावतीवरील शिक्का आणि तारीख दाखवून आम्ही खुलासा पाठवला. (तोही त्यांनाच नेऊन द्यावा लागला.) नोटीस मागे घेतल्याचे पत्र मी निवृत्त होईपर्यंत आलेले नव्हते. बाईंनी मात्र शिक्षणसेवकाची तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच राजीनामा दिला आणि त्या एका खासगी क्लासमध्ये गेल्या. तेथे त्यांना फक्त गणित शिकवावे लागते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. शाळेच्याच शिपायाचे काम शिक्षकाने केले तर ते शैक्षणिक की अशैक्षणिक, याचा निवाडा करण्याची तसदी अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. प्रवेश करणाऱ्यांसाठी एकामागून एक परीक्षा आहेत. सोडून जाणाऱ्याला मात्र साधे ‘का जाता?’ असेही कोणी विचारत नाही.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात आपण शिक्षकांच्या गळतीवर अश्रू ढाळलेत, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर एका क्लासची पानभर जाहिरात होती. वर्तमानपत्रालाही पोट असते हे मान्य. निदान दोन्ही एकाच दिवशी येऊ नयेत एवढे तरी पाहावे.

२०२० पासून मुंबईत शिपायांची किती पदे संपली आणि त्यांपैकी किती ठिकाणी भत्त्यावर माणूस मिळाला, हे आपल्या प्रतिनिधीने शिक्षण विभागाला विचारून छापावे, ही विनंती. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर भत्त्याचा आकडा तेवढा राहू द्यावा.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, परळ, मुंबई