अयुत्थयेला जाण्याआधी त्रैलोकनाथ वाचून जा

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

थायलंडमधली अयुत्थया आणि फित्सानुलोक अशी दोन्ही जुनी शहरं बघणार आहेस, तर राजा बोरोम्मत्रैलोकनाथ (राज्यकाल १४४८ ते १४८८) नीट समजून घे. लढाया पुष्कळ राजांनी केल्या. याने राज्य कसं चालवायचं ते ठरवून दिलं, म्हणून मला हा मोठा वाटतो.

त्याचा जन्म १४३१चा. बाप अयुत्थयेचा राजा, आई उत्तरेकडच्या सुखोथाई राज्याच्या राजघराण्यातली. सुखोथाईचा शेवटचा राजा वारला तेव्हा, १४३८ मध्ये, या सात वर्षांच्या मुलाला युवराज म्हणून फित्सानुलोकला पाठवलं. उत्तरेची माणसं आईकडून त्याची होती, हे पुढे फार उपयोगी पडलं.

आता साकदिना, म्हणजे माणसाचा दर्जा आकड्यात मोजायची त्याची पद्धत. प्रत्येक माणसाला एक आकडा, तोही राइ या जमिनीच्या मापात. आजचा एक राइ १,६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १६ गुंठे. गुलामाला ५, साध्या रयतेतल्या कुटुंबप्रमुखाला २५, बड्या मंत्र्याला १०,००० आणि उपराजाला, म्हणजे राजाच्या खालोखालच्याला, १,००,०००. इथे बरेच जण फसतात: एवढी जमीन हातात मिळत होती असं समजू नकोस. तो दर्जाचा आकडा होता, आणि दंड त्यावर ठरे. वरच्याने खालच्याचा अपराध केला तर दंड अपराध्याच्या आकड्यावर. खालच्याने वरच्याचा केला तर ज्याचा अपराध झाला त्याच्या आकड्यावर. ४०० आणि त्यावरच्यांना कोर्टात आपल्या जागी दुसरा माणूस उभा करता येई. याला समता म्हणता येणार नाही. पण मोठ्या माणसाचा गुन्हा त्यालाच महाग पडावा, हे कायद्यात लिहिलेलं होतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. हे कायदे आज आपण वाचतो ते बहुतेक १८०५ च्या संहितेतून, त्यामुळे त्यातली प्रत्येक ओळ पंधराव्या शतकातली धरू नकोस.

कारभाराचे त्याने दोन भाग केले: लष्कर कलाहोम या खात्याकडे, मुलकी महात्थाई या खात्याकडे. मुलकी बाजूला शहर, राजवाडा, खजिना आणि शेती अशी चार खाती. सगळा डोलारा मात्र रयतेच्या वेठीवर उभा. वर्षातले सहा महिने, एक महिना कामावर आणि एक घरी, असं राबावं लागे. दोष इथेच होता. राजाच्या वेठीपेक्षा एखाद्या सरदाराच्या पदरी राहणं सोपं, म्हणून माणसं तिकडे सरकत; राजाची माणसं घटली की सैन्यही घटे.

मग उत्तरेचं दुखणं. १४५१ मध्ये फित्सानुलोकचा युथिथियान हा सुखोथाईच्या घराण्यातला सरदार फुटून उत्तरेच्या चियांग माई राज्याच्या तिलोकराजाला मिळाला. दूर दक्षिणेतून ही सीमा राखणं जमेना, म्हणून १४६३ मध्ये त्रैलोकनाथाने राजधानीच फित्सानुलोकला हलवली, अयुत्थया मुलाकडे सोपवली आणि शेवटपर्यंत उत्तरेतच राहिला. १४७४ मध्ये चालियांग हे शहर परत मिळवलं, पण चियांग माई काही पडलं नाही.

फित्सानुलोकला वाट चुळामणी (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) चुकवू नकोस, शहराच्या दक्षिणेला नान नदीकाठी आहे. १४६५ मध्ये राजाने इथे आठ महिने भिक्षूची वस्त्रं घातली. त्याच्यासोबत २,३४८ जणांनी दीक्षा घेतल्याचं तिथल्या शिलालेखात आहे. तो लेख मात्र दोन शतकांनंतरचा, नारायण राजाच्या काळातला. जांभ्या दगडाच्या प्रांगवर, म्हणजे मंदिराच्या शिखरासारख्या मनोऱ्यावर, चुन्याच्या गिलाव्यात हंसांची रांग आहे, ती जवळ जाऊन बघ.

अयुत्थयेत वाट फ्रा सी सानफेतची जागा आधी राजवाड्याची होती. गादीवर आल्यावर याने वाडा उत्तरेला नदीकडे सरकवला आणि ही जागा मंदिराला दिली. तिथले तीन स्तूप सगळे एका वेळचे नाहीत: दोन १४९२ च्या सुमाराचे, त्याच्या धाकट्या मुलाने बाप आणि थोरल्या भावाच्या अस्थींसाठी बांधलेले, तिसरा त्या धाकट्याचा, नंतरचा. सकाळी लवकर जा, दुपारी विटा फार तापतात.

तुझे,
बाबा